दोन पेडलांचा खान्देश: जळगाव ते धुळे, पाच दिवस

आर्द्रा लागायला दोन दिवस होते आणि जळगावात पावसाचा पत्ता नव्हता. सकाळी नऊलाच बोनेटवर हात टेकवत नव्हता. मार्ग ठरला तो असा: जळगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, वर तोरणमाळ, खाली प्रकाशा, नंदुरबार, विसरवाडी, कोंडाईबारी चढून साक्री आणि धुळे. शहरातली गर्दी, केळीपट्ट्यातले दुपदरी रस्ते, काळ्या मातीचा चिखल, सातपुड्याचा घाट, ट्रकांच्या रांगेतला चढ, सगळं एका फेरीत. ऑटोमॅटिक गाडी कुठे काय मागते ते बघायला याहून सोयीचा मुलूख नाही.

गाड्या दोन. एक मोठी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. दुसरी लहान पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची एएमटी. दोन्हींत क्लचचं पेडल नाही म्हणून दोघींनाही लोक ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण आतून जात वेगळी. मोठीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल ढकलतो, समोरचा पंखा त्या जोरावर फिरतो; हाच टॉर्क कन्व्हर्टर. लहानीत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच कोरडी क्लच प्लेट; फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी कंप्युटरच्या हुकमावर चालणारा एक हायड्रॉलिक हात करतो; हीच एएमटी. म्हणून चुकीचं चालवलं तर मोठीत तेल तापतं आणि लहानीत क्लच प्लेट जळते. पुढे जे काही लिहिलं आहे ते बहुतेक या एका फरकातून निघतं. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी, ठरावीक गिअर नसलेली) आणि डीसीटी (दोन क्लचची) सोबत नव्हत्या, पण जिथे त्यांची तऱ्हा वेगळी तिथे तसं नोंदवलं आहे.

पहिला दिवस: जळगाव, ४१ अंश

निघण्याआधी तेल. ज्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे, तिचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर बघतात. लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी असेल आणि जळका वास येत असेल तर घाटात जायच्या आधीच बदलून घ्यावं. नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, कंपन्या ‘आयुष्यभराचं तेल’ म्हणतात. ते आयुष्य कुणाचं, गाडीचं की वॉरंटीचं, हे विचारलेलं बरं. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा, घाट, भरलेली गाडी असा वापर असेल तर ४० ते ६० हजार किलोमीटरला तेल बदलणं शहाणपणाचं. सीव्हीटीचं तेल वेगळं, ऑटोमॅटिकचं साधं तेल (एटीएफ) त्यात चालत नाही. एएमटीत गिअरचं तेल वेगळं आणि त्या हायड्रॉलिक हाताचं तेल वेगळं. या दुसऱ्या डबीत दिसेल ते ओतलं तर सील फुगतात आणि गिअर पडेनासे होतात.

टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं. पाच माणसं आणि सामान असेल तर तिथलाच भरल्या गाडीचा आकडा घ्यायचा.

मग डाव्या पायाचा बंदोबस्त. मॅन्युअलवरून आलेल्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधतो, सापडतो तो ब्रेक, आणि क्लचच्या जोराने दाबला की मागचा दुचाकीवाला डिकीत येतो. डावा पाय डाव्या कोपऱ्यातल्या पायटेकणीवर ठेवून विसरायचा. ब्रेक आणि एक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने, टाच दोन पेडलांच्या मधोमध, ब्रेकच्या रेषेत. पाय उचलून नेण्याऐवजी टाचेवर फिरवला की चुकीचं पेडल दाबलं जायची शक्यता कमी होते.

लिव्हरवरची अक्षरं अशी: पी म्हणजे पार्किंग, आर मागे, एन न्यूट्रल, डी पुढे, एम म्हणजे गिअर आपल्या हाताने. मोठी पीमध्ये सुरू झाली, लहान एनमध्ये. लहानीला पी नसतोच. ब्रेक दाबून डीमध्ये टाकल्यावर सेकंदभर थांबायचं. गाडी किंचित ओढ घेते, ती जाणवली की गिअर पडला. त्याआधीच रेस दिली तर गिअर जोडणाऱ्या आतल्या प्लेटा घसरत जोडल्या जातात. लिव्हर पीमधून निघेनाच तर घाबरण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकलाइट लागतात का ते बघावं. लिव्हरचं कुलूप ब्रेकच्या स्विचवर उघडतं. तो स्विच किंवा फ्यूज गेला की दिवेही जातात आणि लिव्हरही अडते. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी लहानसं झाकण असतं. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, त्या खाचेत स्क्रूड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटते. हे झाकण कुठे आहे ते घरी बसून बघून ठेवावं. भर चौकात शोधायची ती वस्तू नव्हे.

अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौकाकडे गाड्या मुंगीच्या पावलांनी. इथे दोघींची वागणूक वेगळी. मोठीत ब्रेक सैल केला की गाडी आपोआप सरकते, एक्सिलरेटरची गरज नाही. अर्धा तास असं सरकलं तरी तेलाला फारसं काही होत नाही. लहानही सरकते, पण ती क्लच अर्धवट घासत सरकते. चार फूट, थांब, चार फूट, थांब असं केलं की प्लेट तापत जाते. म्हणून लहानीने पुढे दहा-पंधरा मीटर मोकळे होऊ द्यायचे आणि मग एकदाच नीट निघून पहिल्या गिअरात पूर्ण जोडलेल्या क्लचवर ते अंतर कापायचं. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्यावेत.

अर्ध्या मिनिटाच्या सिग्नलला दोघींनाही डी आणि ब्रेक पुरतो. मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर एन आणि हँडब्रेक. सिग्नलला पी नको: मागून धक्का बसला तर तो सगळा भार गिअरबॉक्स अडवून धरणाऱ्या आतल्या बोटभर दातावर येतो. गोलाणी मार्केटच्या बाजूला जागा शोधताना डी आणि आर यांची अदलाबदल बरीच झाली. नियम एकच, चाकं पूर्ण थांबल्याशिवाय लिव्हर हलवायची नाही. गाडी मागे सरकत असतानाच डी टाकणं म्हणजे गिअरबॉक्सच्या प्लेटांनी ब्रेकचं काम करणं. सीव्हीटीत हीच सवय पट्ट्याच्या जिवावर उठते.

दुसरा दिवस: विदगाव, अडावद, चोपडा

विदगावला तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी. रस्ता दुपदरी, समोर केळीचा ट्रक, त्याच्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉली. ओव्हरटेक इथे रोजचंच, आणि ऑटोमॅटिकची पहिली खरी परीक्षाही इथेच.

एक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की मोठी एक-दोन गिअर खाली येते आणि उसळी घेते, यालाच किकडाउन म्हणतात. पण पाय दाबणं आणि उसळी यांच्यात अर्धा ते एक सेकंद जातो. ८० च्या वेगात एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते. लहानीला याहून वेळ लागतो, कारण ती आधी क्लच सोडते, गिअर बदलते, पुन्हा क्लच जोडते, आणि तेवढ्या वेळात चाकांना ओढच नसते. समोरून एसटी येत असताना हा क्षण फार लांब वाटतो. म्हणून लहानीत ओव्हरटेकच्या आधीच, आपल्याच लेनमध्ये असताना, लिव्हर एमकडे करून एक गिअर खाली घ्यायचा, इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) वर गेलं की मग बाहेर पडायचं. मोठीत स्पोर्ट मोड किंवा एम तेच काम करतो. गिअरबॉक्सला चाकांचा वेग आणि तुमच्या पायाचा दाब एवढंच कळतं. पुढे ट्रॉली आहे हे त्याला दिसत नाही, ते आपण आधी सांगायचं असतं.

दुपारी अडावदच्या अलीकडे आभाळ भरून आलं आणि तासभर धो धो कोसळलं. शेतरस्त्यावर उभ्या केलेल्या दोन्ही गाड्या परतताना काळ्या मातीत होत्या. खान्देशची काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि भिजली की टायरच्या खाचा अशा भरून टाकते की टायर गुळगुळीत होऊन जातो.

चाक जागेवर फिरायला लागलं की रेस वाढवायची नाही. चाक फिरतं तितकं खोल जातं; त्यातून मोठीत तेल आणि लहानीत क्लच तापतो. एममध्ये दुसरा गिअर धरून, एक्सिलरेटर जेमतेम टेकवून निघायचं. काही गाड्यांत एममध्ये दुसऱ्यातून निघता येतं, काहींत स्नो किंवा विंटर नावाचं बटण हेच करतं. ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी चाक घसरलं की इंजिनाची ताकदच काढून घेतं आणि गाडी जागची हलत नाही. ते बटण दाबून तात्पुरतं बंद करायचं आणि डांबरी रस्ता आला की पुन्हा चालू. डी-आर-डी-आर असं झुलवून काढायची जुनी युक्ती मॅन्युअलची आहे. ऑटोमॅटिकमध्ये करायचीच तर प्रत्येक झोक्याला ब्रेक, पूर्ण थांबा, लिव्हर, सेकंदभर वाट, मग पाय. तीन-चार झोक्यांत निघाली नाही तर खाली उतरून हाताने काम करायचं.

हाताने म्हणजे चाकापुढची माती फावड्याने काढून उताराची पन्हळ करायची आणि तिच्यात काहीतरी खरखरीत घालायचं. बांधावर केळीची पानं ढिगाने पडलेली, सहज हात तिकडेच जातो. बाजूच्या मळ्यातला माणूस बांधावरूनच ओरडला, ‘‘केळीना पत्ता नका टाका भो, चाक सरकी जाई!’’ खरं आहे: केळीचं पान आणि खोडाचं सोपट चिकाने बुळबुळीत असतं, चाक त्यावर साबणासारखं फिरतं. गेल्या हंगामाच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या चांगल्या, आडव्या घातलेल्या, चाकाच्या पुढे हातभर आणि निम्म्या चाकाखाली दाबून. नाहीतर पोतं, नाहीतर गाडीतल्याच रबरी मॅट, खरबरीत बाजू वर करून. ढकलणारे मागच्या कोपऱ्यांना उभे करायचे, फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत कुणीही नाही. मोठी पहिल्या झटक्यात निघाली. लहानीला दोनदा पऱ्हाट्या घालाव्या लागल्या, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये दहा मिनिटं बोनेट उघडं ठेवून एनमध्ये उभी केली, कारण क्लचचा वास येऊ लागला होता. जळक्या कागदासारखा, किंचित आंबूस वास. एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

मुक्काम चोपड्यात. शेवभाजी तिखट.

तिसरा दिवस: शहादा, म्हसावद, तोरणमाळ

चोपडा ते शिरपूर ते शहादा हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. खड्डे चुकवत जाण्यात दुपार झाली, त्यात ऑटोमॅटिकचं खास काही नाही. एवढंच, की खड्ड्यातून निघताना एक्सिलरेटरवर पाय नाचवायचा नाही, नाहीतर लहान गाडी पहिला-दुसरा-पहिला करत माना डोलवायला लावते. एममध्ये दुसरा धरला की शांत.

शहाद्यात टाकी भरली. पुढे म्हसावद, राणीपूर आणि मग सातपुडा. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवर, तापीकाठचा शहादा त्याच्या मानाने पार तळाशी. पन्नासेक किलोमीटरमध्ये हजारभर मीटर चढायचे आणि त्यातले बहुतेक शेवटच्या टप्प्यात. सातपायरी घाटाची वळणं वरून पाहिली तर खरोखर पायऱ्यांसारखी एकावर एक दिसतात.

चढाला लागल्यावर मोठी डीमध्ये गोंधळली. तिसऱ्यात ताकद पुरेना, दुसऱ्यात घेतलं की इंजिन ओरडतं म्हणून पुन्हा तिसरा, लगेच पुन्हा दुसरा. दर वेळी आतल्या प्लेटा घासतात आणि टॉर्क कन्व्हर्टर मोकळा फिरतो, उष्णता तेलात जाते. यावर उपाय म्हणजे एमकडे करून दुसरा गिअर धरणे. इंजिन अडीच हजारांच्या आसपास, वेग तीसच्या घरात, आणि गिअरबॉक्स निवांत. टॉर्क कन्व्हर्टर या वेळी आतून कुलूपबंद होतो, म्हणजे इंजिन आणि चाकं सरळ जोडली जातात आणि तेल घुसळणं थांबतं. इंजिन आवाज करतंय म्हणून काळजी वाटते खरी, पण काळजी करायची ती कमी आरपीएमवर दाबून चालवलेल्या गाडीची.

उंचीचा हिशोबही आहे. दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते. टर्बो असलेल्या डिझेलला ते फारसं जाणवत नाही. लहानीचं साधं पेट्रोल इंजिन मात्र तेवढ्या प्रमाणात ताकद गमावतं. चार माणसं, सामान आणि एसी चालू, अशात ती अरुंद वळणांवर दुसऱ्यातही अडखळली. वळणाच्या आधी पहिला, वळण सरळ झाल्यावर दुसरा. एसी बंद केल्यावर लगेच फरक पडला.

समोरून जीप आली म्हणून चढावर थांबावं लागलं. इथली सगळ्यात घातक सवय म्हणजे ब्रेक न दाबता, एक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी चढावर तोलून धरणे. दिसायला ऐटदार. मोठीत त्या वेळी सगळी ताकद तेल घुसळण्यात जाते. लहानीत आणि डीसीटीत क्लच अर्धवट जोडलेला राहून घासतो, आणि अर्ध्या मिनिटात पॅनेलवर इशारा येऊ शकतो. थांबायचं तर ब्रेकवर. निघताना हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवली जाते, तेवढ्यात एक्सिलरेटर द्यायचा. हिल होल्ड नसेल तर हँडब्रेक ओढलेला, एक्सिलरेटर द्यायचा, गाडीचं नाक किंचित उचललेलं वाटलं की हँडब्रेक सोडायचा. लहान गाडी हे न करता निघाली तर फूटभर मागे येते. घाटात मागे एक फूट म्हणजे कधी कधी कठड्याचा शेवटचा दगड.

वर यशवंत तलावाजवळ जागा मिळाली ती उतारावर. उतारावर ऑटोमॅटिक उभी करायची रीत बहुतेकांना उलटी माहीत असते: थांबले, पी टाकला, इंजिन बंद, मग हँडब्रेक. अशा वेळी गाडी दोन-तीन इंच घरंगळून थांबते आणि आत खट असा आवाज येतो. पी म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चाकात अडकणारा पोलादाचा छोटा दात. दीड-दोन टन गाडी त्याच्यावर लटकली की सकाळी लिव्हर निघताना अडते, ओढून काढावी लागते आणि बंदुकीसारखा बार होतो. तो आवाज त्या दाताचा.

सरळ रीत अशी. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर एनमध्ये. हँडब्रेक पूर्ण ओढायचा. आता ब्रेकवरचा पाय हळूच उचलायचा. गाडी किंचित बसते आणि हँडब्रेकवर उभी राहते. ती हलली नाही याची खात्री झाल्यावर पुन्हा ब्रेक दाबून पी, मग इंजिन बंद. भार हँडब्रेकवर, पी फक्त राखणदार. सकाळी निघताना उलट क्रम: ब्रेक, इंजिन चालू, पीमधून डी, मग हँडब्रेक.

लहानीला पी नाही, म्हणून ती गिअरमध्येच बंद करायची. तोंड चढाला असेल तर डी, उताराला असेल तर आर, हँडब्रेक ओढलेला, आणि पॅनेलवर गिअरचा आकडा दिसत असतानाच चावी फिरवायची. एनमध्ये बंद केली तर तिला धरणारं हँडब्रेकशिवाय काहीच नसतं. दोन्ही गाड्यांची पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवली आणि चाकामागे दगड लावला. दगड सकाळी काढून कडेला टाकायचा, रस्त्यात सोडायचा नाही. पुढचा मोटारसायकलवाला रात्रीचा येतो.

चौथा दिवस: तोरणमाळ उतरून नंदुरबार

पहाटे धुकं, दृष्टी पन्नास फूट. निघायला आठ वाजले.

उतरण्याचं सूत्र जुनं आहे, ट्रकवाल्यांकडून आलेलं: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ऑटोमॅटिकवाले इथेच फसतात, कारण डी उतारावर वेग वाढला की वरचा गिअर टाकतो. त्याच्या लेखी पाय एक्सिलरेटरवर नाही म्हणजे निवांत चाललंय. गाडी चौथ्या-पाचव्यात मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर. काही नव्या गाड्यांना उतार ओळखता येतो आणि ब्रेक दाबल्यावर त्या स्वतः गिअर खाली आणतात. असलं तर चांगलं, पण त्याच्या भरवशावर घाटाला लागू नये.

पहिल्या वळणाच्या आधीच, सपाटीवर, मोठी एममध्ये दुसऱ्यात घातली. लहानही. गिअर उताराच्या आधी का, तर लहान गाडी गिअर बदलताना क्लच सोडते आणि त्या अर्ध्या सेकंदात इंजिनाची पकड नसते. उतारावर तेवढ्यात वेग पाच-सातने वाढतो. शिवाय वेग जास्त असेल तर गिअरबॉक्स खालचा गिअर घ्यायलाच नकार देतो, टींग वाजवतो आणि आहे त्यातच राहतो. इंजिन फाटू नये म्हणून ती सोय आहे. अशा वेळी लिव्हर पुन्हा पुन्हा हलवून उपयोग नाही. आधी ब्रेकने वेग पाडा, मग गिअर घ्या. सीव्हीटीत लिव्हरवर उतारासाठी एल, एस किंवा बी जे असेल ते. स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या पट्ट्या (पॅडल) असतील तर उणेची पट्टी.

ब्रेक कसा दाबायचा यालाही रीत आहे. सतत हलका दाबून ठेवला तर पॅड तापत राहतात, गार व्हायला उसंतच नाही. वेग ३५ झाला की ठाम दाबून २५ वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा ३५ होईपर्यंत इंजिन धरतं, तेवढ्यात डिस्क गार होतात. लांब उतारावर दाबूनच ठेवला तर उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोचते. डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हे तेल हवेतली वाफ पिऊन घेतं आणि मुरल्यावर तीच हद्द १४० पर्यंत येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ पर्यंत. उकळलं की नळीत बुडबुडे, पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेकचं तेल दोन वर्षांनी बदलतात, गाडी कमी फिरली असली तरी.

लहानीची आणखी एक खोड या घाटात उघडी पडली. वेग आठ-दहाच्या खाली आला की इंजिन बंद पडू नये म्हणून ती क्लच सोडते. अरुंद वळणावर वेग कमी केला की इंजिनाची पकड एकदम सुटते आणि गाडी हलकी होऊन पुढे धावू बघते. दचकून स्टिअरिंग ओढायचं नाही. वळणात उजवा पाय ब्रेकवर आधीपासूनच टेकलेला हवा.

पेट्रोल वाचवायला उतारावर एनमध्ये सोडणारे अजूनही आहेत. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना एक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंदच होतात, चाकंच इंजिन फिरवतात, इंधन शून्य. एनमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला इंधन पितं. म्हणजे एन टाकून वाचत तर काही नाहीच, वर ब्रेक जळतात. चावी बंद करणं तर त्याहून वाईट: दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड.

राणीपूरला उतरल्यावर चाकांतून ताव जाणवत होता. लगेच हँडब्रेक ओढून उभं न करता दोन किलोमीटर सावकाश चालवून मग थांबलो. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नये, वाकते.

पुढे एका नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. अर्धा तास थांबल्यावर ओसरलं, फरशीच्या कडेचे दगड दिसू लागले, मगच गाड्या घातल्या. वाहतं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर जायचंच नाही. उथळ असेल तर पहिला गिअर धरून, पायी चालायच्या वेगाने, न थांबता. ऑटोमॅटिकची एक वेगळी भानगड असते. गिअरबॉक्सला हवेचं छोटं नाकाड असतं. घाट उतरून तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नाकाडातून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल गुलाबी दुधासारखं होतं आणि प्लेटांचा कागदी थर सुटायला लागतो. असं तेल दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, उचलून न्यावी. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही.

प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम. याला दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वराच्या देवळापाशी दुपार गेली. संध्याकाळी नंदुरबार, माणिक चौकातल्या गल्ल्यांमधून शिरीषकुमार स्मारकापर्यंत. ९ सप्टेंबर १९४२ ला ‘चले जाव’च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेला शिरीषकुमार आणि त्याच्या सोबतची पोरं. गल्लीत मोठी गाडी फक्त ब्रेकवर सरकवत नेली, एक्सिलरेटरला पाय लावला नाही. लहान मुलं आणि बकऱ्या असल्या की हेच बरं.

पाचवा दिवस: विसरवाडी, कोंडाईबारी, धुळे

खांडबाऱ्यावरून विसरवाडीला सुरत-धुळे महामार्ग गाठला आणि कोंडाईबारीच्या पायथ्याशी ट्रकांची रांग लागली. पाऊस झिमझिम. चढावर सरकणारी रांग ही एएमटी आणि कोरड्या क्लचच्या डीसीटीला सगळ्यात जड जाते. उभ्या घाटापेक्षाही जड, कारण तिथे निदान क्लच पूर्ण जोडलेला असतो.

पुढच्या ट्रकमध्ये आणि आपल्यात दोन गाड्यांचं अंतर. एक कारण, भरलेला ट्रक निघताना मागे येतो. दुसरं कारण, लहानीला एकदम निघून एकदम थांबायला जागा हवी. ट्रक हलला की लगेच हलायचं नाही. तो पंधरा-वीस मीटर पुढे गेला की हँडब्रेकवरून ठामपणे निघायचं. अर्ध्या तासाने लहानीच्या पॅनेलवर क्लच तापल्याचा इशारा आला. कडेला घेऊन, एन, हँडब्रेक, इंजिन चालू, पंधरा-वीस मिनिटं. क्लच हवेनेच गार होतो, घाई करून उपयोग नाही. मोठीला असा इशारा आला असता तरी इंजिन चालूच ठेवायचं. पंप आणि कूलर इंजिनावर चालतात, बंद केलं की तापलेलं तेल जागच्या जागी शिजतं. एसी बंद, पी किंवा एन, आणि तापमान उतरेपर्यंत वाट. तिथे थांबलेलो असताना एक बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ट्रॅक्टरमागे ओढत नेताना दिसली, पुढची चाकं जमिनीवर. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि फिरणाऱ्या चाकांनी गिअरबॉक्स कोरडा फिरतो. पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक ओढायची तर पुढची चाकं उचलून, नाहीतर सपाट गाडीवर चढवून. एएमटी एनमध्ये थोडं अंतर ओढता येते. पण बॅटरी उतरली म्हणून ढकलून सुरू करायला दोघीही तयार नसतात, त्यामुळे जंपर केबल डिकीत असू द्यावी.

घाट चढून दहिवेल, साक्री. इथून पांझरेच्या सोबतीने धुळं. अभियंते विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले आणि सुरुवातीच्या कामांतलं एक त्यांना याच मुलखात मिळालं, पांझरेच्या पाण्यासाठी सायफन बसवण्याचं. तेलाचा दाब, पाण्याचा दाब, शेवटी विद्या एकच.

धुळ्यात गाड्या सपाट फरशीवर उभ्या करून चारही चाकांजवळ तळहात नेला, न टेकवता. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये. रात्री दोघींच्या इंजिनाखाली पुठ्ठे सरकवून ठेवले. सकाळी पुठ्ठ्यावर लाल ठिपका असेल तर गिअरबॉक्सचं तेल, काळा असेल तर इंजिनाचं, हिरवट किंवा गुलाबी पाणीदार असेल तर कूलंट. मोठीच्या पुठ्ठ्यावर एसीच्या पाण्याचा ओघळ वाळलेला होता. लहानीचा पुठ्ठा कोरडा होता, पण क्लच किती झिजला ते कंप्युटर लावून बघायला तिला त्याच दिवशी गॅरेजमध्ये सोडली.